निवड यादीत जन्ममहिनाही असावा

महोदय,
शालेय फुटबॉलमधील पराभवांचे खापर मुलांच्या कमी ताकदीवर फोडणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. त्यातील ‘धिप्पाड मुले निवडा’ ही सूचना मात्र पटली नाही. वयोगटाची मर्यादा १ जानेवारीला धरली, की जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेली मुले एकाच चाचणीला उभी राहतात आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी, जेव्हा मुलगा वर्षभरात आठ-दहा सेंटिमीटरही वाढतो, तेव्हा हे अकरा महिन्यांचे अंतर खांद्याच्या एका धक्क्यात दिसून येते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका चाचणीत डाव्या पायाने नेमके पास देणारा एक किरकोळ अंगाचा मुलगा मिसरूड फुटलेल्या बचावपटूला धडकून दोनदा चिखलात पडला. त्यानंतर त्याने चेंडू मागितलाच नाही आणि यादीत त्याचे नाव आले नाही.

इंग्लंडचा नामवंत फुटबॉलपटू हॅरी केन याला आर्सेनल क्लबने वयाच्या आठव्या वर्षी अकादमीतून काढले होते. तेथे वयोगटाचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि केनचा जन्म जुलैचा, म्हणजे गटातील धाकट्यांपैकी तो एक. तेथील अव्वल फुटबॉल साखळी असलेल्या प्रीमियर लीगने २०१५मध्ये जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. एवढा खटाटोप आपल्याकडे लगेच जमणार नाही. परंतु निवड समितीच्या कागदावर नावापुढे जन्ममहिना लिहिणे आणि वर्षअखेरीस जन्मलेल्यांना पुढील हंगामात पुन्हा बोलावणे, याला खर्च तो काय?

– एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर