उरलेले आणि शिळे यांतले अंतर तासांचे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरल्यावरच्या रविवारी आपल्या दैनिकाच्या पुरवणीत, सणाच्या उरलेल्या जेवणापासून करायच्या आणि एका घासात संपणाऱ्या खाऊच्या कृती प्रसिद्ध झाल्या. आमच्या शहापुरातल्या घरात त्या पानाची घडी अजून डाळींच्या डब्यांमागे खोचलेली आहे, यावरून त्या आवडल्या हे आपल्या ध्यानात येईल. तक्रार एवढीच की भाताच्या प्रत्येक कृतीची सुरुवात ‘आदल्या दिवशीचा भात घ्यावा’ अशी होते, आणि तो भात मधल्या पंधरा-सोळा तासांत कुठे व कसा ठेवलेला असावा याविषयी एक ओळही नाही. पदार्थ मानवणार की बाधणार हे त्या न छापलेल्या ओळीतच ठरते, म्हणून हे पत्र.

आपल्या भाषेला या बाबतीत बारीक जाण आहे. पानात टाकलेले ते उष्टे, भांड्याला चिकटलेले ते खरकटे, पातेल्यात स्वच्छ राहिलेले ते उरलेले, आणि त्याच उरलेल्यावरून रात्र गेली की ते शिळे. श्रावणातल्या शिळासप्तमीला तर आदल्या दिवशी रांधलेले मुद्दाम खाण्याचा रिवाज आहे, तेव्हा शिळे म्हणजे सरसकट वर्ज्य असेही नाही. माझ्या सासूबाई पंगत उठताच पदर खोचून पातेल्यांची पाहणी करायच्या आणि भाताचे, भाजीचे, पुरणाचे काय करायचे ते तिन्हीसांजेच्या आत ठरवून मोकळ्या व्हायच्या. घरात फ्रीज नाही म्हणून ही घाई, असे आम्ही सुना समजत होतो. पुढे फ्रीज आला, घाई संपली, आणि नेमकी तिथेच आमची चूक झाली.

दोन वर्षांपूर्वी पाडव्याला निपाणी आणि खानापूरकडचे पाहुणे धरून पंधरा पाने होती. भाताचे मोठे पातेले निम्मे उरले. फ्रीज फराळाच्या डब्यांनी भरलेला, म्हणून बेळगावच्या कार्तिकातल्या गारठ्यावर भरवसा ठेवून मी ते पातेले ओट्यावरच झाकून ठेवले. बारा वाजता उतरवलेला तो भात पाचच्या सुमारास वरून गार लागत होता, पण चमचा खोल घातला तर आतली शिते चांगली कोमट होती. हे मला दिसले, आणि तरीही मी झाकण पुन्हा लावले. सकाळी त्याच भाताचे वडे तळले. धाकट्या जावेने शंका काढली, तेव्हा मीच म्हणाले, ‘तळलं की सगळं मरतंय की!’ दुपारच्या आत घरातल्या पाचांपैकी तिघांना ओकाऱ्या सुरू झाल्या.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो भात खाल्ला का, हाच. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू कच्च्या तांदळातच असतात. भात शिजला तरी ते तगून राहतात आणि भात बराच वेळ कोमट राहिला की रुजून वाढू लागतात. वाढताना ते जे विष सोडतात, ते उकळून किंवा तळून जात नाही. तळणीत जिवाणू मरतो, विष मात्र वड्यातच राहते, आणि खाल्ल्यापासून साधारण एक ते सहा तासांत उलट्या होतात. म्हणजे माझे ते ठसक्यातले वाक्य अर्धेच खरे होते. शिजलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात दोन तासांहून अधिक राहू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडचा नोव्हेंबरचा गारठा अंगाला कितीही झोंबला, तरी तो या टप्प्याच्या आतलाच असतो. फ्रीजची बरोबरी त्याला करता येत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पंगत उठली की आधी भात परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवतात. अर्ध्या-पाऊण तासात तो गार झाला की दोन बोटांच्या थराने उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी संपतोच. जागा कशी करायची, तर चकल्या आणि लाडू बाहेर काढून. त्यांना फ्रीज लागतच नाही, आपण ते उगाच मानाने आत बसवतो.

अशा भाताचे सर्वांत चांगले काय होत असेल तर आप्पे, ज्यांना आमच्या शेजारच्या कानडी काकू पड्डू म्हणतात. दोन वाट्या भाताला अर्धी-पाऊण वाटी रवा, कालवण्यापुरते आंबट ताक, आले-मिरचीचे वाटण, कोथिंबीर आणि मीठ घालून वीस मिनिटे ठेवावे. भात इंद्रायणीसारखा चिकट असेल तर रवा कमी पुरतो. मोकळ्या शिताचा असेल तर आधी हाताने मळून घ्यावा, नाहीतर आप्पा उलटताना फुटतो. आप्पेपात्राच्या खळग्यात दोन थेंब तेल सोडून खळगा पाऊण भरावा, झाकण ठेवून आच मंद करावी आणि कडा सुटून तांबूस दिसू लागली की सुईच्या टोकाने हलकेच फिरवावा. बरोबर शेंगांची चटणी असली की मुलांना हे कालच्या भाताचे आहे असे सांगावेही लागत नाही. पदार्थ लहान करण्यात दिसण्याखेरीज एक व्यवहारही आहे. तळहाताएवढा वडा बाहेरून लाल होतो आणि आत फ्रीजमधला गारवा तसाच राहतो. सुपारीहून थोड्या मोठ्या आप्प्याला गाभ्यापर्यंत वाफ मिळते.

पुरण भाताइतके नाजूक नसते, कारण गूळ घालून ते चांगले आटवलेले असते. तरी तेही फ्रीजमध्येच ठेवावे. त्याचे लहान कडबू होतात, किंवा खानापूरकडच्या, गोव्याशी सोयरीक असलेल्या घरांत करतात तसे गोळ्या करून पिठात बुडवून तळलेले सुकरुंडे. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर अधिक चांगली लागते यावर घरोघरी एकमत असल्याने तिला हात लावू नये. कटाची आमटी खळखळून उकळून, निववून तिच्यात भाजणी भिजवली, तर थालिपिठाला वेगळा मसाला लागत नाही. थापल्यावर वाटीने गोल चकत्या कापाव्यात. बटाट्याच्या भाजीविषयी पुरवणीत आलेच आहे. कुंद्याविषयी मी काही लिहीत नाही, कारण तो उरल्याचे आमच्या घरात कुणाला आठवत नाही.

पुरवणीतल्या बहुतेक कृती तळणीच्या होत्या, आणि दिवाळीनंतर घरात तळणीचे तेल म्हणजे फराळ तळून उरलेलेच असते. वारंवार तापवलेल्या तेलात साचणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून लागू केले आहे. घरी हे मोजता येत नाही. पण तेल काळवंडले, चिकट झाले, त्यावर फेस येऊ लागला किंवा तापताच धूर धरू लागला, तर ते संपले असे समजावे. आप्पेपात्र मला पटते ते यामुळेही.

अन्न टाकू नये हे पुरवणीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार भारतातील घरांत दरडोई वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जाते. त्यात साली-बियाही मोजल्या असल्या तरी आकडा लहान नाही. पण रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वाचवण्याचा अट्टहास करू नये, आणि आपण खायला कचरतो म्हणून सकाळी तो कामाला येणाऱ्या बाईच्या डब्यात तर मुळीच घालू नये. तसला भात टाकून द्यावा आणि पुढच्या खेपेला तांदूळ मोजून घ्यावेत.

संक्रांतीच्या आणि शिमग्याच्या पुरवण्यांत अशा कृती जरूर याव्यात. मात्र ‘आदल्या दिवशीचा भात’ या शब्दांच्या जागी ‘शिजल्यापासून दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये ठेवलेला भात’ असे छापावे, ही विनंती. ओळ लांबेल आणि चौकटीत कदाचित मावणार नाही. त्यासाठी शेजारचे छायाचित्र थोडे लहान करावे लागले, तरी वाचक कुरकुरणार नाहीत.

आपली विश्वासू,
एक वाचक, शहापूर, बेळगाव