थ्रेड एक केला म्हणजे बग गेला असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुमचा व्हिडिओ एन्कोडिंगवरचा लेख वाचला. मराठी पेपरात एक्स२६४ चं (व्हिडिओ आवळून लहान करणाऱ्या एन्कोडर सॉफ्टवेअरचं) नाव छापून आलेलं बघून खरंच बरं वाटलं, पण शेवटच्या चौकटीत जो सल्ला दिलाय ना, की व्हिडिओत डाग दिसले किंवा एन्कोडर मधेच अडकला तर थ्रेड्स (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या समांतर धारा) १ करा प्रॉब्लेम सुटतो, आणि १ थ्रेडची नि १२ थ्रेडची फाइल सारखी आली नाही तर सॉफ्टवेअरमध्येच बग आहे असं समजा, यातली पहिली गोष्ट अर्धवट आहे आणि दुसरी साफ चूक. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे हे वाचतात, म्हणून लिहितोय.

आधी दुसरी घेतो. २००६ च्या शेवटापर्यंत एक्स२६४ मध्ये स्लाइस थ्रेडिंग होतं, म्हणजे एकाच फ्रेमचे आडवे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एकेका थ्रेडला द्यायचा. करायला सोपं, पण शेजारच्या तुकड्यातली माहिती अंदाजासाठी वापरता येत नाही, त्यामुळे क्वालिटी थोडी मार खायची. मग फ्रेम थ्रेडिंग आलं. यात प्रत्येक थ्रेड वेगळी फ्रेम घेतो आणि आधीची फ्रेम पूर्ण व्हायच्या आतच पुढची सुरू होते, फक्त आधीच्या फ्रेमच्या जेवढ्या ओळी तयार झाल्यात तेवढ्याच बघायच्या. आता तेवढ्याच बघायच्या म्हटल्यावर मोशन व्हेक्टर (चित्रातला तुकडा आधीच्या फ्रेममध्ये कुठे होता ते दाखवणारा बाण) खाली किती लांब जाईल यावर मर्यादा येते, आणि ज्या फ्रेम अजून संपल्याच नाहीत त्यांची साइझ रेट कंट्रोलला (कुठल्या फ्रेमला किती बिट द्यायचे ते ठरवणाऱ्या भागाला) अंदाजाने धरावी लागते. म्हणजे थ्रेड बदलले की फाइल बदलणारच, त्यात बग कुठला आला? एवढंच काय, एक्स२६४ आपली सगळी सेटिंग फाइलच्या सुरुवातीला मजकूर म्हणून लिहून ठेवतं आणि त्यात थ्रेड्सचा आकडाही असतो, त्यामुळे चित्र अगदी सेम आलं तरी एमडीफाइव्ह (फाइलच्या बाइट्सवरून काढलेला ठसा) जुळायचा नाही.

खरी टेस्ट वेगळी आहे. थ्रेड्सचा आकडा तोच ठेवा, सेटिंग तीच, इनपुट तेच, आणि पुन्हा पुन्हा चालवून एमडीफाइव्ह बघा. साध्या सीआरएफ, म्हणजे क्वालिटी ठरावीक ठेवणाऱ्या, मोडमध्ये तो दर वेळी तोच यायला हवा (नॉन-डिटरमिनिस्टिक नावाचा ऑप्शन आहे, तो मुद्दाम चालू केला असेल तर गोष्ट वेगळी). आउटपुट एमपी४ मध्ये नको, कच्चं .२६४ घ्या, कारण एमपी४ मध्ये कधीकधी फाइल बनल्याची वेळ लिहिली जाते आणि मग तुम्ही नसलेला बग शोधत बसता. तरीही दर वेळी वेगळा एमडीफाइव्ह आला, तर मात्र रेस कंडिशनचा, म्हणजे कुठला थ्रेड आधी पोचतो यावर निकाल बदलत असल्याचा, दाट संशय.

आता डागांचं. एखादी ओळ एन्कोड झाली म्हणजे ती लगेच वापरण्याजोगी झाली असं नाही, तिच्यावर डीब्लॉकिंग (चौकोनांच्या कडा गुळगुळीत करणं) व्हायचं असतं, अर्ध्या पिक्सेलचं इंटरपोलेशन (दोन पिक्सेलमधल्या जागेची किंमत काढणं) व्हायचं असतं, म्हणून किती ओळी तयार आहेत हा आकडा एन्कोडिंगच्या थोडा मागेच ठेवावा लागतो. कोड बदलताना कोणी तो हिशोब चुकवला तर पुढचा थ्रेड कच्चे पिक्सेल उचलतो, अर्धी भाजलेली भाकरी ताटात वाढावी तसं. गंमत अशी की एन्कोडरला यातलं काहीच कळत नाही. डीकोडर पूर्ण फिल्टर झालेली फ्रेम वापरतो, एन्कोडरने वेगळीच वापरलेली असते, आणि तो फरक प्रत्येक फ्रेमला साचत जातो. चित्र हळूहळू पसरट, घाण होत जातं आणि की-फ्रेम (आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेली पूर्ण फ्रेम) आली की एकदम लख्ख. डीफॉल्टला दोन की-फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेम असतात, म्हणजे २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) १० सेकंद. असा पॅटर्न दिसला की डम्प-वाययूव्ही ऑप्शन लावून एन्कोडरच्या स्वतःच्या फ्रेम काढा, डीकोडरच्या फ्रेमशी ताडून बघा, कुठल्या फ्रेमच्या कुठल्या ओळीपासून बिनसलं ते सापडतं.

एन्कोडर अडकला असेल तर तो बंद करू नका! जीडीबी (बग शोधायचा डीबगर) जोडा आणि सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस (कोण कोडमध्ये कुठे उभा आहे त्याची यादी) घ्या. सगळे कंडिशन व्हेरिएबलवर (अट पुरी झाल्याचा निरोप येईपर्यंत झोपायची जागा) वाट बघत बसलेले दिसले तर कोणीतरी ओळी पूर्ण करून ब्रॉडकास्ट करायचं (वाट बघणाऱ्या सगळ्यांना उठवायचं) विसरलंय, किंवा म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) न धरताच आकडा बदललाय. वाट बघणाऱ्या कोडमध्ये व्हाइलच्या (अट परत परत तपासणाऱ्या लूपच्या) जागी नुसता इफ (एकदाच तपासणारा) दिसला तर तिथेही थांबा, कारण थ्रेड उगाचच जागा होऊ शकतो, त्याने उठल्यावर अट परत तपासलीच पाहिजे.

प्रिंटएफ (मधेमधे मजकूर छापणारी ओळ) टाकून बघू म्हणाल तर बहुतेक वेळा बगच पळून जातो, टायमिंग बदलतं ना. थ्रेडसॅनिटायझर (रेस कंडिशन पकडणारा टूल) बरा, पण तो कंपायलरने बनवलेल्या कोडवरच लक्ष ठेवतो, आणि एक्स२६४ चा गरम, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ खाणारा, भाग बराचसा हाताने लिहिलेली असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट भाषेतला कोड), तिथे तो आंधळा. म्हणून आधी डिसेबल-एएसएम (असेंब्ली बंद करणारा ऑप्शन) लावून बिल्ड करा, स्लो होईल, होऊ दे. व्हॅलग्राइंड नावाच्या टूलसंचातलं हेलग्राइंड असेंब्लीही बघतं पण मग चहा पिऊन या, जेवून या, असला स्पीड.

थ्रेड १ केल्यावर डाग गेले याचा अर्थ एवढाच की दोष थ्रेडिंगच्या वाटेवर कुठेतरी आहे. आजची डिलिव्हरी अडली असेल तर खुशाल १ करा, मीही करतो, पण बग तिथेच राहतो आणि पुढच्या माणसाला चावतो. त्यामुळे तुमच्या चौकटीत एवढं तरी दुरुस्त करून छापा, की बग रिपोर्टमध्ये नेमकं व्हर्जन, पूर्ण कमांड, थ्रेड्सचा आकडा आणि दहापैकी किती वेळा बिघडतं ते लिहा, जमलं तर बिघडणारी छोटी क्लिपही जोडा. नुसतं चालत नाही असं लिहिलं तर कोणी ढुंकून बघत नाही, फुकटात वेळ देणारी माणसं आहेत ती.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज