लँडिंग मॅटचा फोम बसला, जोड उघडली : बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,
सांगलीत विश्रामबागेत आम्ही मुला-मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवतो. आपल्याकडून घेतलेल्या २० सेंटिमीटर जाडीच्या, उडी मारून उतरायच्या मॅटबद्दल फोन केला, तर उत्तर मिळाले, ‘मुलांना गुडघे वाकवून उतरायला सांगा.’ म्हणून हे लेखी.

गुडघे वाकवणे आम्ही सुरुवातीलाच शिकवतो. पण स्पर्धेचा बीम, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायची अरुंद पट्टी, जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच. मॅटची जाडी वजा केली तरी वरून नुसती उडी टाकणारे मूल ताशी १६ किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येते. कोलांटी घेऊन उतरताना पायांवर क्षणभर वजनाच्या दहापटीच्या आसपास जोर येऊ शकतो, म्हणजे ३० किलोच्या मुलीवर ३०० किलो. तो वेग थांबायला जितके अंतर मिळेल तितका झटका कमी. थोडे अंतर गुडघे देतात, उरलेले मॅटने द्यायचे. आपली मॅट मधोमध इतकी बसली आहे की टाचेला फरशी लागते. शिवाय स्पर्धेत उतरताना पाऊल सरकले की गुण कापतात, त्यामुळे मुले पाय रोवूनच उतरणार.

दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो. आतले फोमचे दोन तुकडे सुटले आहेत. वरचे कव्हर ताणलेले असल्याने फट दिसत नाही. एका मुलीचा एक पाय नेमका तिथे रुतला, दुसरा वरच राहिला. घोटा मुरगळला, गुडघ्यालाही पीळ बसला. हाड शाबूत आहे, पण लिगामेंट दुखावले. पोरीची स्पर्धा हुकली ती हुकलीच.

आपल्या माणसाने वर आणखी मऊ गादी टाकायला सांगितले. अहो, हे अंथरूण नाही! अंग अजून फिरत असताना पाऊल मऊ गादीत अडकले की सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

एकसंध फोमची मॅट, फोमच्या घनतेची लेखी माहिती, ने-आणीचा आणि मुलीच्या उपचाराचा खर्च, हे सर्व १५ दिवसांत मिळावे. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आम्ही इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. बिल, फोटो आणि डॉक्टरांचे कागद सोबत आहेत.

मॅट भिंतीला लावून ठेवली आहे. माणूस पाठवणार असाल तर फोम कापून बघायच्या तयारीने पाठवा.

आपला,
प्रशिक्षक, विश्रामबाग, सांगली