मामाच्या चौदा कॅसेट : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : दूरदर्शनच्या जुन्या मालिका जपण्याबाबत आणि पुन्हा पाहायला मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर चौदा व्हीएचएस कॅसेट आहेत. माझ्या मामाने 1988 ते 1993 या काळात दूरदर्शनवरून त्या भरल्या. प्रत्येकीच्या पाठीवर त्याच्या तिरप्या अक्षरात मालिकेचं नाव आणि तारीख आहे. कुठे कुठे शेराही आहे : ‘वीज गेली, शेवट नाही.’ गेल्या पावसाळ्यात त्यातल्या तीन चालेनाशा झाल्या. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी फीत पुसून दिली, पण आमच्या व्हीसीआरचं हेड झिजलंय आणि ते आता मिळत नाही, असं सांगितलं. घरगुती व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवलं. म्हणजे फीत शाबूत असली तरी ती लावायची कशावर, हा प्रश्न आहेच.

घरातला हा प्रश्न घेऊन मी तुमच्यापर्यंत आले, कारण हाच प्रश्न तुमच्या खात्याच्या कपाटांतही आहे आणि तिथे चौदा कॅसेट नाहीत, एका देशाची आठवण आहे.

मी एकच मालिका पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांपैकी आहे. लोक विचारतात, शेवट माहीत असताना पाहायचं काय? बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ मी चार वेळा पाहिली. गुन्हेगार कोण, हे पहिल्याच वेळी कळलं होतं. दुसऱ्या वेळी कळलं की खूण समोरच ठेवलेली होती आणि ब्योमकेशचा सोबती अजित, म्हणजे के. के. रैना, त्याच्याप्रमाणे मीही तिच्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते. तिसऱ्या वेळी मी फक्त ब्योमकेश झालेल्या रजित कपूरकडे पाहत होते. तो समोरच्याचं बोलणं किती शांतपणे ऐकून घेतो! रहस्य संपल्यावरच ती मालिका मला खरी दिसू लागली.

‘मालगुडी डेज’चंही तसंच. लहानपणी मी शाळकरी स्वामीच्या बाजूने होते. शाळेची भीती, क्रिकेट, मित्रांशी अबोला, सगळं माझंच होतं आणि गिरीश कार्नाडांनी उभे केलेले वडील मला नुसते कडक वाटायचे. परवा मुलीबरोबर तेच भाग पाहिले आणि माझं लक्ष त्या वडिलांवरून हलेना. पोराची काळजी वाटते पण ती दाखवता येत नाही, असा माणूस तिथे बसलेला होता. शंकर नाग यांनी तो तेव्हाही तिथेच बसवला होता, मला तो दिसायला तीस वर्षं लागली. एल. वैद्यनाथन यांची ती धून सुरू झाली की आजही माझं हातातलं काम थांबतं. कर्नाटकातल्या अरसाळू स्थानकावर मालगुडीचं रेल्वे स्थानक चित्रित झालं होतं. आज तिथे त्या मालिकेचं छोटं संग्रहालय आहे. एका मालिकेने आडबाजूच्या स्थानकाला असं नाव मिळवून दिलं.

आणि ‘भारत एक खोज’. श्याम बेनेगलांचे 53 भाग. दहा वर्षांची असताना मला त्यातल्या लढाया आवडायच्या, बाकीचं डोक्यावरून जायचं. तरी ‘सृष्टि से पहले सत् नहीं था’ हे शीर्षकगीत मात्र तोंडपाठ होतं. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा तो हिंदी अनुवाद वसंत देवांचा आणि संगीत वनराज भाटियांचं, हे मला खूप उशिरा समजलं. चाळिशीत ती मालिका पुन्हा लावली तेव्हा अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत बसून लिहिणारे नेहरू, म्हणजे रोशन सेठ, आधी दिसले. मग सदाशिव अमरापूरकरांचे जोतीराव फुले दिसले आणि तो भाग मी लागोपाठ दोनदा पाहिला. पडद्यावर खलनायक म्हणून गाजलेला आमचा हा नट किती संयमाने बोलतो! आणखी एक गोष्ट तेव्हाच जाणवली. कथा सांगणारा आवाज ओम पुरींचा आहे आणि औरंगजेबाचा चेहराही त्यांचाच. समोर शिवाजी महाराज म्हणून नसीरुद्दीन शाह. तीच मोजकी माणसं शतकामागून शतकांत वेष बदलून येत राहतात. आपल्या इतिहासाबद्दल बेनेगलांना काय म्हणायचं होतं, ते त्यांनी पात्रनिवडीतूनच म्हणून ठेवलं आहे. हे पहिल्या खेपेला कुणाला दिसणार?

मालिका सबंध पाहण्याला आपल्या न्यायालयांनीही महत्त्व दिलेलं आहे. 1988 मध्ये गोविंद निहलानींची ‘तमस’ थांबवावी म्हणून याचिका झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी आधी पूर्ण मालिका पाहिली आणि मगच प्रक्षेपणाच्या बाजूने निकाल दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती रोखायला नकार दिला. फाळणीपूर्वीच्या दंगलींवर आज बोलायचं तर एखादा सुटा तुकडा फिरवून भागत नाही, ती मालिका सलग पाहावी लागते. त्यासाठी ती जिथे सहज मिळेल अशी खात्रीची जागा हवी.

लोकांना हे हवं आहे का, असं कुणी म्हणू नये. 28 मार्च 2020 रोजी टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं. 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शननेच जाहीर केलं. त्याच एप्रिलमध्ये डीडी रेट्रो ही जुन्या मालिकांची वाहिनी निघाली. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीचं वेव्हज हे इंटरनेटवरचं ओटीटी व्यासपीठ सुरू झालं. या दोन्ही पावलांबद्दल मी मनापासून आभार मानते. पण वाहिनीवर लागेल ते पाहणं वेगळं आणि हवं ते, हवं तेव्हा, पहिल्या भागापासून शेवटपर्यंत क्रमाने पाहता येणं वेगळं. शिवाय जे दाखवाल ते जसं होतं तसं दाखवा. त्या काळचं चित्र चारास तीन या प्रमाणाचं होतं. आजच्या रुंद पडद्यावर बसवण्यासाठी ते वरून-खालून कापलं की माणसांची डोकी जातात, आणि ओढून ताणलं की चेहरे फुगतात. श्रेयनामावली कापू नका. ध्वनी कुणाचा, संकलन कुणाचं, वेषभूषा कुणाची, हे त्या माणसांच्या कामाचं एकमेव जाहीर नाव आहे.

मराठीबद्दल लिहिताना मला जास्त वाईट वाटतं. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी घरोघरी पोचवला. ‘गजरा’ हा विविधरंगी कार्यक्रम होता. गजानन जागीरदारांची ‘स्वामी’ होती. त्यात रवींद्र मंकणींचे माधवराव आणि कोवळ्या वयातल्या मृणाल देव यांची रमा. ‘चिमणराव’चे आज आमच्यापर्यंत पोहोचलेले भाग मोजकेच आहेत. त्या काळी फीत महाग होती आणि एक कार्यक्रम झाला की तिच्यावरच दुसरा भरायचा, ही रीत जगभरच्या प्रसारकांत होती. ज्यांनी ते केलं त्यांना मी दोष देत नाही. कुणी तीस-चाळीस वर्षांनी हे मागायला येईल, असं त्यांना वाटलं नसणार. आज मात्र आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आज गप्प बसणं मला जमत नाही.

वेळ कमी आहे. चुंबकीय फितीवरचा थर ज्या चिकट द्रव्याने धरलेला असतो, ते द्रव्य हवेतली ओल शोषतं. मग फीत चिकटते, थर खरवडून निघतो आणि तो निघाला की चित्रच गेलं. अशी फीत मंद उष्णतेत काही तास तापवून काही दिवसांपुरती चालवता येते आणि तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यावी लागते. युनेस्को आणि ध्वनी-दृश्य संग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये इशारा दिला होता की 2025 च्या सुमारास अशा फिती चालवणंच बहुतेक ठिकाणी अशक्य होईल. यंत्रं नाहीत, सुटे भाग नाहीत आणि ती यंत्रं हाताळणारी माणसं निवृत्त झाली. ती वेळ येऊन ठेपली आहे.

चित्रपटांसाठी आपण हे केलेलं आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी 597 कोटी रुपये मंजूर झाले. दूरचित्रवाणीला तसंच घर द्या, ही माझी मुख्य मागणी. फ्रान्समध्ये यासाठीची राष्ट्रीय संस्था 1975 मध्ये उभी राहिली आणि 2006 मध्ये तिने आपला ठेवा संकेतस्थळावर सामान्य लोकांसाठी उघडला. आपल्याकडे छापलेल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते, तसा कायदा 1954 पासून आहे. प्रक्षेपित झालेल्या मालिकेला तो लागू नाही. एखादी खासगी वाहिनी बंद झाली तर तिच्या मालिका कुठे जातील, याचंही उत्तर त्यामुळे कायद्यात नाही. प्रत जमा करण्याचं बंधन सर्वच वाहिन्यांना घालायला हवं.

हक्कांची अडचण मला माहीत आहे. प्रायोजित मालिकांचे हक्क अनेकदा निर्मात्यांकडे आहेत आणि ‘रामायण’ परत दाखवतानाही हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागली होती. काही निर्माते आता हयात नाहीत, वारस विखुरलेले आहेत. पण फितीची नक्कल करून ठेवणं आणि ती लोकांना दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. हक्कांची बोलणी वर्षभर चालू द्या, फीत तेवढं थांबणार नाही. आधी वाचवा. आणि प्रत्येक केंद्रात काय उरलं आहे, काय गेलं आहे, याची यादी जाहीर करा. गेलेल्याचीही. काय हरवलं ते कळल्याशिवाय कुणी शोधायला कसं निघेल?

शोधलं की सापडतंही. ब्रिटनच्या बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या आपल्या मालिकेचे 1960 च्या दशकातले कित्येक भाग स्वतःच पुसून टाकले होते. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रती मात्र कुठे कुठे उरल्या होत्या. 2013 मध्ये त्यातले नऊ हरवलेले भाग नायजेरियातून मिळाल्याचं जाहीर झालं. काही भागांचे नुसते आवाज उरले, तेही प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवले म्हणून.

आपल्याकडेही असे प्रेक्षक होते. माझा मामा त्यांच्यापैकी एक. त्याच्या कॅसेटवर मालिकेच्या आधीची निवेदिका आहे, मधल्या जाहिराती आहेत, एका ठिकाणी ‘व्यत्यय’ची पाटी पूर्ण चार मिनिटं आहे. अशा कॅसेट किती घरांत असतील! तुम्ही एक आवाहन करा आणि प्रत्येक दूरदर्शन केंद्रात त्या स्वीकारण्यासाठी एक खिडकी उघडा. कॅसेट तपासून, नक्कल करून मूळ मालकाला परत मिळेल एवढी हमी द्या. लोक रांगेने येतील.

माझ्या चौदांपैकी अकरा अजून चालतात. यादी तयार आहे, तारखांसह. त्यातल्या दोनांवर मुंबई केंद्राचे असे मराठी कार्यक्रम आहेत, जे मला इतरत्र कुठेही पाहायला मिळाले नाहीत. पुढच्या पावसाळ्याच्या आत त्या कुठे आणि कुणाकडे आणून द्यायच्या, तेवढं कृपया कळवावं.

आपली विश्वासू,
एक प्रेक्षक