शेवटचा ठरलेला अल्बम

प्रिय मनवा,

अनेक आशीर्वाद.

‘द स्मिथ्स’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्ट्रेंजवेज, हिअर वी कम’ या अल्बमच्या प्रत्येक गाण्यात फाटाफूट ऐकू येते आणि शेवटचे गाणे म्हणजे तर गायकाने गिटारवादकाला दिलेला उघड निरोप आहे, असे तू लिहिलेस. तुझा कान माझ्यापेक्षा तयार आहे, पण तारखा तुझ्या बाजूने नाहीत. हा अल्बम १९८७ च्या वसंतात इंग्लंडमधल्या बाथजवळच्या बेकिंग्टन गावातल्या वूल हॉल स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. गिटारवादक जॉनी मारने बँड सोडल्याची बातमी त्यानंतर उन्हाळ्यात फुटली, आणि रेकॉर्ड बाजारात आली ती सप्टेंबरच्या अखेरीस. तोवर बँड उरला नव्हता, त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या हाती ती मृत्युपत्रासारखी पडली. ती करणाऱ्यांचा हिशेब मात्र निराळा होता: ‘रफ ट्रेड’ या आपल्या रेकॉर्ड कंपनीला हा अल्बम देऊन मोकळे व्हायचे आणि पुढची कारकीर्द ‘ईएमआय’ या दुसऱ्या कंपनीकडे करायची, हे त्यांचे ठरलेले होते.

पहिलेच गाणे घे. मारच्या एकावर एक रचलेल्या गिटारींवरून जो बँड दुरूनही ओळखू यावा, त्याने अल्बमची सुरुवात गिटारीला हात न लावता, पियानोवर केली. तिसऱ्या गाण्यात पियानो वाजवतो तो खुद्द गायक मॉरिसी, आणि त्याला पियानो येत नाही हे लपत नाही. तरीही तो तिथे शोभतो, हे मला अजून पूर्णपणे उलगडलेले नाही. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या आरंभी गर्दीच्या कोलाहलावर पियानो इतका वेळ रेंगाळत राहतो की, गाणे सुरू होणार की नाही अशी शंका यावी. ही सगळी मला आपल्याच ठशाचा कंटाळा आलेल्या, पुढे काहीतरी वेगळे करू पाहणाऱ्या माणसांची कामे वाटतात. तुला निरोपाचे वाटणारे ते शेवटचे गाणेही मारने स्टुडिओत सापडलेल्या ऑटोहार्पवर (बटणे दाबून स्वरमेळ काढायच्या तंतुवाद्यावर) वाजवले आहे. नवे वाद्य हाती लागल्याचे कुतूहल त्यात मला विरहाच्या आधी ऐकू येते. शब्दांचा अर्थ तू लावतेस तसा लागतो, हे मात्र खरे.

खरी ठिणगी अल्बम संपल्यावर, मे महिन्यात लंडनमध्ये पडली. सिंगलच्या, म्हणजे एका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूसाठी सिला ब्लॅक या गायिकेचे एक जुने गाणे करायला लावल्याचा मारला संताप आला. तू त्याला दोषी ठरवण्यापूर्वी त्याचे वय पाहा: तो २३ वर्षांचा होता, चाली त्याच्या, निर्मितीत मॉरिसी आणि सहनिर्माता स्टीफन स्ट्रीट यांच्याबरोबर वाटा त्याचा, आणि मॅनेजर टिकत नसल्यामुळे व्यवहाराची कटकटही बरीचशी त्याच्याच माथी. पैशांची वाटणी तर अशी होती की मॉरिसी आणि मार यांना प्रत्येकी ४० टक्के, तर बेसवादक अँडी रूर्क आणि ड्रमर माइक जॉइस यांना प्रत्येकी १०. जॉइसने पुढे न्यायालयात जाऊन १९९६ मध्ये समान हिस्सा मिळवला. आवाजात मात्र ते चौघे कधीच ४० आणि १० नव्हते. तिसऱ्या गाण्यातला रूर्कचा बेस बाजूला काढला तर तिथे काय उरेल, ते तूच ठरव.

मॉरिसी आणि मार यांचे पुढे जवळजवळ कशावरच पटले नाही, पण हा आपला सर्वोत्तम अल्बम असे दोघेही म्हणत आले आहेत. मी त्यांच्या आधीच्या ‘द क्वीन इज डेड’ या अल्बमला अधिक मानतो, पण इथे माझे मत बाजूला ठेवू. आता एकदा आठवे गाणे लक्ष देऊन ऐक. मेलेल्या गायकाची जुनी गाणी नव्या वेष्टनात पुन्हा पुन्हा विकणाऱ्या कंपन्यांवरची ती टीका आहे (‘स्मिथ्स’ची स्वतःची किती संकलने पुढे निघाली, ते तुला ठाऊकच आहे), आणि त्यात मारने सहसा टाळलेला सरळसोट गिटार सोलो आहे. जाणारा माणूस तसा वाजवतो का, ते मला सविस्तर कळव.

तुझे,
बाबा