त्या सात जणांचंही सांगितलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर,

शेवटच्या तपासणीला आणलेली काजूगरांची पिशवी तुम्ही परत माझ्या हातात ठेवलीत. "अभ्यासातल्या पेशंटकडून काही घ्यायचं नसतं," म्हणालात. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या मोडलेल्या पायाबद्दल आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात इतकं बोललं गेलंय की खरं काय झालं ते एकदा नीट सांगायला हवं.

गेल्या वर्षीच्या पावसात साखळीजवळ उतारावर स्कूटर घसरली आणि उजवी नडगी घोट्याच्या जरा वर मोडली. रॉड घातला, टाके सुकले. चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, चालू लागाल, असं सगळे म्हणत होते. चवथ गेली, दिवाळी गेली, फाल्गुनातला शिगमो गेला. शाळेत मी वॉकर टेकून फळ्यावर लिहीत होते आणि दर एक्स-रे फिल्ममध्ये मोडलेल्या जागेची ती काळी फट जशीच्या तशी दिसत होती.

दुखण्याइतकंच बोलणं लागायचं. डिंकाचे लाडू खाल्ले नाहीत, पाय लवकर टेकला, पथ्य पाळलं नाही. एका बाईंनी तर मन खंबीर नसलं की हाड जुळत नाही, असं तोंडावर सांगितलं. दहा महिन्यांत हे सगळं मला खरं वाटू लागलं होतं.

तुम्ही पहिल्या दिवशी मला माझीच नडगी चाचपायला लावलीत. "कातडीखाली लगेच हाड लागतं ना? इथे मांसाचं आवरण कमी, म्हणून रक्तपुरवठाही कमी. नडगीचा खालचा भाग जुळायला मुळातच हट्टी असतो. यात तुमची चूक नाही." ते शेवटचं वाक्य ऐकून मी रडले, आणि तुम्ही पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलंत.

मग कागदावर दोन हाडं काढून समजावलंत. काही हाडांची टोकं जाड होतात, नवं हाड तयार होत असतं, फक्त मोडलेली जागा हलत राहते. तिथे पक्का आधार दिला की भागतं. माझी टोकं निमुळती झाली होती. आधार होता, पण हाड घडवणारं कामच थांबलं होतं. जंतुसंसर्ग नाही ना, हे रक्त तपासून आधी पाहिलंत. पाय उघडून कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा नेहमीचा मार्गही सांगितलात आणि त्यात कमरेला होणारा त्रासही. दुसरा मार्ग म्हणजे माझ्याच कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढायचा, यंत्रात फिरवून त्यातल्या पेशी दाट करायच्या आणि सुईने थेट त्या फटीत सोडायच्या.

याआधी एका ठिकाणी आम्हाला स्टेम सेलची, म्हणजे मूलपेशींची, खात्रीची इंजेक्शनं सांगितली होती, लाखांच्या भावात. यजमान भाट, म्हणजे आमची बागायत, गहाण ठेवायला निघाले होते. तुम्ही मात्र आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना दाखवल्यात. मूलपेशींचा मान्य उपचार रक्ताच्या ठरावीक आजारांपुरताच आहे, इतर ठिकाणी तो मंजुरी घेतलेल्या अभ्यासातच करायचा. तुमचा अभ्यास तसा होता आणि त्याचे पैसे घ्यायचे नव्हते.

मी विचारलं, गुण येईल का? तेव्हा तुम्ही फ्रान्सच्या डॉ. फिलिप हेर्निगू यांचं २००५ सालचं काम सांगितलंत. न जुळलेल्या नडगीचे ६० रुग्ण, त्यातले ५३ जुळले. दुसरं कुणी तिथेच थांबलं असतं. तुम्ही उरलेल्या ७ जणांबद्दलही सांगितलंत: त्यांना मिळालेल्या द्रावात हाड घडवणाऱ्या पेशी कमी होत्या, आणि माझ्यात किती निघतील हे आज सांगता येणार नाही. शिवाय त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही. ५३ चा आकडा ऐकून मला आशा वाटली. पण सही मी केली ती त्या ७ जणांमुळे. हरलेल्यांची गोष्ट जी बाई लपवत नाही, तिच्या हाती पाय द्यायला मला भीती वाटली नाही.

तो दिवस मला बारीकसारीक आठवतो. मी पालथी, कमरेत जड दाब. तुम्ही सुई पुन्हा पुन्हा थोडी सरकवत होता. एकाच जागेवरून जास्त ओढलं तर नुसतं रक्त येतं आणि पेशी विरळ होतात, म्हणून थोडं थोडं घ्यायचं, असं माझ्या कानाशी येऊन सांगितलंत. पेशी फिरवून देणाऱ्या त्या तंत्रज्ञ मुलाने काचेतून मला नळी दाखवली. सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर सुईचं टोक फटीत पोचलेलं तुम्ही मला बघू दिलंत. त्या तंत्रज्ञ मुलाला माझा नमस्कार सांगा.

तिसऱ्या महिन्यात काहीच दिसलं नाही. "वाट पाहू," एवढंच म्हणालात, खोटा धीर दिला नाहीत. चौथ्या महिन्यात फटीत धुक्यासारखं काहीतरी आलं. सहाव्या महिन्यात दोन फिल्म शेजारी लावून तुम्ही पेन्सिलने हाडाच्या कडा मोजल्यात: चारपैकी तीन जुळल्या होत्या.

यात पेशींचा वाटा किती, हे एका पायावरून ठरत नाही, असं त्या दिवशीही म्हणालात. मला ते मान्य आहे. घरी विचारणाऱ्यांना मी तसंच सांगते. आमच्याच वाड्यावरच्या एका मुलाची मांडी जुळत नाहीये. त्याच्या आईला मी चमत्कार सांगितला नाही, सगळ्या फिल्म घेऊन तुमच्याकडे जा आणि मनातलं सगळं विचार, एवढंच सांगितलं.

पौषात आमच्या मांडावर, म्हणजे गावच्या अंगणात, धालो हा बायकांचा नाच-गाण्यांचा उत्सव आहे. गेल्या वेळी मी कट्ट्यावर बसून ओव्या म्हटल्या होत्या. यंदा ओळीत उभी राहणार आहे, वाकणं जमेल तेवढं. रात्री जेवणं उरकल्यावर सुरू होतो, तुमची ड्युटी संपवून या. भेट म्हणून काही देणार नाही, पेज आणि खारातली कैरी मात्र सगळ्यांना असते.

तुमची,
सत्तरीतली शिक्षिका