कांद्याचं प्रकरण

संपादक महोदय,

सुट्टीत मुलांना इंग्रजी वाचायला द्यायचं, तर दरवेळी विलायतेतली जादूची शाळाच कशाला? पाम मुन्योझ रायन यांची ‘एस्पेरांझा रायझिंग’ (२०००) देऊन बघा. मेक्सिकोतल्या जमीनदाराची लाडकी लेक १९३० साली कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या छावणीत येऊन पडते. प्रकरणांना नावं फळं-भाज्यांची. ‘कांदे’मध्ये तिला धड झाडूही मारता येत नाही आणि छावणीतली पोरं हसतात. तिथं माझी सातवीतली नात थबकली. म्हणाली, “आजी, ऊसतोडीच्या मुलींना झाडू तरी येत असेल ना?” मला उत्तर सुचलं नाही.

अशी आणखी लॅटिनो, म्हणजे अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांची, पुस्तकं हवीत तर १९९६पासून दिल्या जाणाऱ्या ‘पुरा बेलप्रे’ पुरस्काराची यादी चाळा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या पहिल्या प्वेर्तो रिकन ग्रंथपाल बाईंचं ते नाव.

– एक आजी, सातारा